कर्ण मोजायचा राहिला

सुतळी कुंपणाच्या पलीकडे गेली तेव्हा सकाळचे साडेआठ वाजले होते. खड्डे घ्यायला आलेले दोघे कुदळींवर रेलून उभे, आणि माझ्या हातात ए-थ्री कागदावर छापलेला बागेचा रंगीत नकाशा. उत्तरेचा बाण, प्रमाणपट्टी, झाडांचे हिरवे गोल, सगळं जागच्या जागी. पहिली खुंटी नीट बसली होती. दुसरी घाणेरीच्या जाळीत घुसली. तिसरी मोजून ठोकायला गेले, तर ती शेजाऱ्यांच्या गवतात, कुंपणापासून चांगली चार फूट आत. दोघांतला वयस्कर गडी शांतपणे म्हणाला, "ताई, हे झाड आपलं व्हायचं का त्यांचं?"

तीस वर्षं मी लोकांच्या घरांचे नकाशे काढले. आधी टी-स्क्वेअर आणि सेट स्क्वेअर घेऊन ट्रेसिंग पेपरवर, नंतर ऑटोकॅडवर. साइटवरून आलेली मापं कधी जुळली नाहीत तर मापं घेणाऱ्या पोरांना मी फोनवरून झापलेलं आहे. त्यामुळे त्या सकाळी मला जे वाटलं त्याला नुसतं 'ओशाळले' म्हणणं कमी पडेल.

जागा आईच्या वाट्याची. सासवडपासून थोड्या अंतरावर, पुरंदरच्या पट्ट्यात. इथली जमीन मुरमाड, पाऊस बेताचा, आणि त्याच्या जोरावर अंजीर आणि सीताफळ येतं. पुरंदरच्या अंजिराला भौगोलिक मानांकन मिळालंय, हे आई आल्यागेल्याला असं सांगते जणू अर्ज तिनेच भरला होता. नोकरी संपल्यावर मी तिच्याजवळ राहायला आले आणि घरामागच्या मोकळ्या तुकड्यात बाग करायचं ठरवलं. कागद हाती लागला तो आजोबांच्या वेळच्या वाटणीपत्राचा. त्यात वळणदार अक्षरात लिहिलेलं: पूर्वेस फूट ७२, पश्चिमेस फूट ६०, उत्तरेस फूट ६८, दक्षिणेस फूट ६४, एकूण गुंठे ४.

हा हिशोब कसा केला असेल ते लगेच कळतं. पूर्व-पश्चिमेची सरासरी ६६, उत्तर-दक्षिणेचीही ६६. सहासष्ट गुणिले सहासष्ट म्हणजे ४,३५६ चौरस फूट. गुंठा म्हणजे ३३ बाय ३३, म्हणजे १,०८९. त्याची चौपट ४,३५६. बरोब्बर चार गुंठे, एक फूट इकडे नाही की तिकडे नाही. गणित चोख होतं. जमीन तशी नव्हती, एवढंच.

मी काय केलं, तर चार बाजू कॅडमध्ये टाकल्या. गेटचा ईशान्येचा कोपरा काटकोनी धरला, कारण तो तसा दिसत होता. (दोन्ही कुंपणांवर घाणेरी इतकी माजली होती की कोन दिसायला जागाच नव्हती. पण डोळा रिकामी जागा सवयीने भरून काढतो.) उरलेल्या दोन बाजूंचे कंस मारले, ते एका बिंदूत छेदले, चौकोन पुरा झाला. बिनतक्रार. एखादी बाजू अपुरी पडली असती, रेघ जुळली नसती, तर मी थांबले असते. पण चार बाजूंचा चौकोन कधी तक्रार करत नाही, आणि घोळ नेमका तिथेच होता.

घरातली जुनी बाज आठवा. सांधे सैल झाले की ती एका अंगाला कलते. चारही गाते (चौकटीचे दांडे) तेवढेच लांब असतात, एकही इंच कमीजास्त होत नाही, तरी बाजेचा आकार बदलतो. सुतार काय करतो? एक तिरकी पट्टी ठोकतो. मग ती हलत नाही. लाकडी फाटकाला असते तीच ती तिरकी पट्टी, तोच कर्ण. त्रिकोणाच्या तीन बाजू सांगितल्या की त्रिकोण ठरला. चौकोनाच्या चार बाजू सांगूनही चौकोन ठरत नाही, पाचवं माप लागतं. हे मी आठवीत शिकलेय. तीस वर्षं त्यावर पोट भरलंय.

भास्कराचार्यांनी हे जवळजवळ नऊशे वर्षांपूर्वी सांगून ठेवलंय आणि सांगताना शब्द काही मवाळ वापरलेले नाहीत. 'लीलावती'त, म्हणजे ११५० च्या सुमारास, ते म्हणतात की लंब किंवा कर्ण यांपैकी एकही न सांगता जो चौकोनाचं निश्चित क्षेत्रफळ विचारतो तो पिशाच, आणि त्याला उत्तर देणारा त्याहून मोठं पिशाच, कारण चार बाजूंच्या आकृतीचा आकार ठरलेला नसतो हेच त्याला ठाऊक नाही. हे पहिल्यांदा वाचलं होतं तेव्हा हसू आलं होतं. आता बघितलं तर आमच्याच घरात प्रश्न विचारणारं आणि उत्तर देणारं अशी दोन्ही पिशाचं निघाली. वाटणीपत्र लिहिणारा एक आणि त्यावरून नकाशा काढणारी दुसरी. सरासरीच्या या रीतीला ब्रह्मगुप्तानेही सातव्या शतकातच 'स्थूल' म्हणून बाजूला काढलं होतं. ती उगाच स्थूल नाही. आयत सोडला तर या रीतीचं उत्तर खऱ्यापेक्षा नेहमी जास्तच येतं, कधी कमी येत नाही. जुन्या वाटण्यांमध्ये प्रत्येकाला कागदावर थोडी जास्त जमीन मिळालेली असते ती अशी. त्यामुळे वाटणी झाल्याच्या दिवशी तरी सगळे खूश असावेत.

समोरच्या घरातल्या अण्णांनी आयुष्यभर गवंडीकाम केलंय. सुतळीचा तमाशा ते ओट्यावरून बघत होते. चहा संपवून आले आणि म्हणाले, "गेटच्या कोपऱ्याला तीन-चार-पाच करा आधी."

गवंड्याचा लोखंडी गुण्या, काटकोन बघायचं अवजार, विटांच्या कोपऱ्याला पुरतो, पायाच्या आखणीला पुरत नाही. मोठा काटकोन दोरीनेच तपासतात. एका बाजूवर ९ फूट मोजायचे, दुसरीवर १२, आणि मधलं तिरकं अंतर बघायचं. ते १५ आलं तर काटकोन. यज्ञाच्या वेदी आखणारे हेच करत होते. शुल्ब म्हणजे दोरीच, आणि बौधायनाच्या शुल्बसूत्रात तीन-चारची जोडी आहे, बारा-पाचची आहे, पंधरा-आठचीही आहे. अण्णांना यातलं काही माहीत नाही आणि त्यांचं काही अडलेलं नाही. घाणेरी तोडून दोघांनी वाट केली. मी एक टोक धरलं, अण्णांनी दुसरं. पंधरा यायला हवे होते. आले साडेबारा.

"कोपरा दबलाय," अण्णा म्हणाले.

दबलाय म्हणजे किती, ते घरी येऊन काढलं: साधारण ७२ अंश. मग दुपारच्या उन्हात दोन्ही कर्ण मोजले, आईने टेप धरला. वायव्येपासून आग्नेयेपर्यंत ८२ फूट, ईशान्येपासून नैर्ऋत्येपर्यंत १०३. जागा खरंच ६६ चा चौरस असती तर दोन्ही कर्ण ९३ फुटांच्या आसपास आले असते. इथे एकवीस फुटांचा फरक! आमची बाज चांगलीच कलली होती.

८२ च्या कर्णाने जागेचे दोन त्रिकोण झाले. तीन बाजूंवरून त्रिकोणाचं क्षेत्रफळ काढायचं सूत्र शाळेत सगळ्यांनी घोकलंय. एक त्रिकोण २,३२३ चौरस फुटांचा, दुसरा १,९०५ चा. मिळून ४,२२८. वाटणीपत्रापेक्षा १२८ चौरस फूट कमी, म्हणजे दहा बाय बाराच्या खोलीहून जरा जास्तच. आईला सांगितलं तर ती म्हणाली, "मग ती खोली कोणी नेली?" कोणीच नेली नाही, ती कधी नव्हतीच, हे तिला पटवायला मला संध्याकाळपर्यंत वेळ लागला. अजून पूर्ण पटलंय असं वाटत नाही. उत्तरेच्या कुंपणाकडे ती अधूनमधून संशयाने बघते.

मग नकाशा नव्याने काढायचा, तर आणखी एक हौस भागवून घ्यावी म्हटलं. फळझाडं चौरस पद्धतीने लावतात तशी षट्कोनी पद्धतीनेही लावतात. दोन्हींत झाडांमधलं अंतर तेच राहतं, पण षट्कोनीत दुसऱ्या ओळीतलं झाड पहिल्या ओळीतल्या दोन झाडांच्या मध्ये येतं, त्यामुळे ओळी एकमेकींच्या जवळ सरकतात. किती जवळ, तर झाडांमधल्या अंतराच्या ०.८६६ पट. त्यामुळे तेवढ्याच जमिनीत सुमारे १५ टक्के झाडं जास्त बसतात. नारळाचं गणित घ्या: साडेसात मीटरवर चौरस पद्धतीत हेक्टरी १७७ झाडं, षट्कोनी मांडणीत दोनशेच्या वर. भाजीवाले हेच झिगझॅग म्हणून करतात, कोबी-फ्लॉवरच्या वाफ्यात बघा.

तेव्हा मी सीताफळासाठी १३ फूट अंतर धरलं (इथल्या हलक्या जमिनीत चार मीटर पुरतात), कुंपणापासून साडेसहा फूट सोडले, आणि गणित सोपं करायला ६६ चा चौरस गृहीत धरून मोजलं. आतमध्ये लागवडीला ५३ फूट उरतात. चौरस पद्धतीत ओळीला पाच झाडं, पाच ओळी, एकूण २५. आता षट्कोनी. ओळींतलं अंतर सव्वाअकरा फूट. ५३ फुटांत ओळी बसल्या पाचच, आणि एकाआड एक ओळ अर्ध्या झाडाने सरकलेली, म्हणून तीत पाचाऐवजी चारच झाडं. पाच, चार, पाच, चार, पाच. एकूण २३.

पंधरा टक्के वाढायची ती दोन झाडं उलट कमी झाली! तीनदा मोजलं. सूत्र खोटं नाही. ते मोठ्या जमिनीचं आहे, जिथे कडेच्या झाडांची संख्या आतल्यांच्या मानाने नगण्य असते. आमच्या चार गुंठ्यांत निम्म्याहून अधिक झाडं कडेचीच. सहावी ओळ बसली असती तर २७ झाली असती, पण तिला सव्वातीन फूट कमी पडत होते. सव्वातीन फुटांवर पद्धतीचा निकाल लागतो हे कुठल्याही माहितीपत्रकात मी वाचलं नाही. तिथे सगळे हिशोब हेक्टरवर असतात, आणि हेक्टर आमच्याकडे कोणाला आहे?

गंमत म्हणजे खरी कललेली जागा नकाशावर घेतल्यावर षट्कोनी जाळीच जास्त बरी बसली. तिच्या रेषा एकमेकींना साठ अंशांवर छेदतात आणि आमचा दबलेला कोपरा ७२ चा. नव्वदपेक्षा साठ त्याला जवळचं. चौरस जाळी त्या कोपऱ्यात नेऊन ठेवली की एक मोठी पाचर वाया जायची, षट्कोनीत ती बरीच लहान झाली. चोवीस झाडं बसली. बहुतेक सीताफळ, सहा अंजीर, दोन लिंबं आणि आईच्या हट्टाचा एक शेवगा. कोपऱ्यात एवढीशी पाचर उरली, ती तशीच सोडली.

मधमाश्यांची पोळी, सूर्यफुलातल्या बियांच्या मांडणीतला १३७.५ अंशांचा कोन वगैरे या ठिकाणी लिहायची रीत आहे. सूर्यफुलाला कुंपण नसतं, म्हणून त्याचं जमतं. पुढे जाऊ.

झाडं लागली त्या पावसाळ्यात सगळं छान दिसलं. पावसाळ्यात कोणाचीही बाग छान दिसते. पाऊस गेल्यावर पाण्याची वेळ आली. पश्चिमेकडे आठ फुटांच्या लोखंडी स्टँडवर टाकी चढवली, तिथून पूर्वेकडे १६ मिलिमीटरच्या नळ्या सोडल्या आणि प्रत्येक झाडाला एक ड्रिपर लावला. नळ्या सरळ, समांतर, नकाशात शोभून दिसतील अशा. डिसेंबरात बघते तर टाकीजवळची झाडं मलूल आणि खालच्या अंगाची चिखलात उभी.

आमच्याकडे जमीन पश्चिमेच्या टेकडीकडून उतरत येते. माझा नकाशा सपाट. कर्णानंतर हे दुसरं विसरलेलं माप. अण्णा परत आले, या वेळी गवंड्याची पारदर्शक नळी घेऊन. चाळीस फूट नळीत पाणी भरलं, दिसावं म्हणून मी त्यात चिमूटभर हळद टाकली, आणि आधी दोन्ही टोकं शेजारी धरून पिवळ्या रेघा जुळतात का ते पाहिलं. जुळेनात. नळीच्या मधोमध शेंगदाण्याएवढा हवेचा बुडबुडा अडकला होता. अण्णांनी नळी उचलून बोटाने टिचक्या मारत मारत त्याला टोकापर्यंत हाकललं, वासराला गोठ्याबाहेर काढावं तसं. "हा आत राहिला की घर वाकडं होतं," म्हणाले. मग दोन पट्ट्यांना टोकं बांधून एक एक टप्पा मोजत आम्ही खाली आलो. दक्षिणेच्या ६४ फुटांत जमीन साडेतीन फूट उतरत होती. डोळ्यांना ती सपाट दिसते. अजूनही दिसते.

साडेतीन फूट म्हणजे किती? टाकीतल्या पाण्याचा दाब उंचीवर ठरतो, टाकी पाचशे लिटरची की पाच हजारांची यावर नाही. दहा मीटर उंचीला एक किलोचा (म्हणजे चौरस सेंटिमीटरवर एक किलो) दाब, साधारण असं धरतात. वरच्या झाडाला टाकी आठ फूट उंच. खालच्या झाडाला तीच टाकी साडेअकरा फूट उंच, म्हणजे दाब जवळजवळ दीडपट. दीडपट दाबाने पाणी दीडपट येत नाही, वर्गमुळाच्या हिशोबाने जेमतेम सव्वापट येतं. हे कागदावर. खात्री करायला मी वरच्या आणि खालच्या ड्रिपरखाली चहाचे दोन पेले ठेवले, मोबाइलवर दहा मिनिटं लावली, आणि मग दोन्ही पेले औषधाच्या मापात ओतून मोजले. वर ३००, खाली ३८०. पाकिटावर ताशी ४ लिटर लिहिलेलं होतं, त्या हिशोबाने दहा मिनिटांत साडेसहाशेच्या वर यायला हवं. पण ते एक किलो दाबाला. माझ्या आठ फुटांना त्याचा पाव हिस्सा दाब, म्हणून पाणी निम्मं. दाब सांभाळून घेणारे ड्रिपर मिळतात, पण त्यांना मुळात जेवढा दाब लागतो तेवढाच माझ्याकडे नव्हता.

शिवाय एक गोष्ट पेल्यांनी सांगितली नाही, ती आईने सांगितली. "तू कॉक बंद करून आत येतेस, पण खालची झाडं मागून बराच वेळ पाणी पीत असतात." बरोबर होतं. कॉक बंद केला तरी नळीत पाणी असतंच, वीस मीटर नळीत सुमारे तीन लिटर. ते उतारावरून ओघळतं आणि सगळ्यांत खालच्या ड्रिपरमधून बाहेर येतं. शेवटच्या झाडाला रोज हे तीन लिटर फुकट मिळत होते.

उपाय गावात सगळ्यांना ठाऊक आहे, पाणलोटाची कामं झालेल्या कुठल्याही शिवारात तो दिसतो: समतल चर. सारख्या उंचीच्या बिंदूंतून जाणारी रेषा आखायची आणि पाणी तिच्यावर धरायचं. तीच रेषा मी नळ्यांसाठी आखली, त्याच हळदीच्या नळीने. एका खुंटीपाशी पट्टी रोवायची, दुसरी पट्टी पुढेमागे हलवत राहायची, दोन्हीकडचं पाणी एका आकड्यावर आलं की तिथे फक्कीची चिमूट टाकायची. दोन दिवस हेच. संध्याकाळी गच्चीवरून पाहिलं तर जमिनीवर पाच पांढऱ्या रेषा, एकही सरळ नाही. मधोमध, जिथे कधीकाळी बांध होता म्हणतात, तिथे सगळ्या पाच फूट पूर्वेकडे फुगलेल्या. पोटात वारा धरलेल्या लुगड्यासारख्या. जमीन कशी आहे हे मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं.

झाडं काही हलवता येत नव्हती, नळ्या हलवल्या. मुख्य नळी आता उतारावरून खाली येते, तिला प्रत्येक फाट्यावर छोटा कॉक आहे, आणि आडव्या नळ्या फक्कीच्या रेषांवरून वळत वळत जातात. खालच्या नळीचा कॉक थोडा कमी उघडायचा. पेल्यांची परीक्षा पुन्हा घेतली, एका नळीवर पहिल्या आणि शेवटच्या झाडात दहा-पंधरा मिलीचा फरक. तेवढा चालतो. अण्णा म्हणाले, तेवढा तर पेल्याला चिकटून राहतो.

यानंतर मी जरा शहाणी झाले आणि जमिनीच्या खाली बघायचं ठरवलं. ड्रिपरचं पाणी जमिनीत गोल पसरतं असं आपण धरतो, कारण वरून ओलीचा गोल दिसतो. काळ्या जमिनीत ते आडवं बरंच पसरतं, ओलीचा आकार जाडजूड कांद्यासारखा होतो. मुरमाड जमिनीत पाणी थांबत नाही, सरळ खाली जातं. मी एका ड्रिपरजवळ, झाडापासून लांब, दोन तास पाणी सोडून लगेच बाजूने कुदळीने कापा घेतला. भिंत खुरप्याने साफ केली. तांबूस कोरड्या मुरमात गडद ओलसर आकार उभा होता: एक फूट रुंद, दीड फूट खोल. कांदा कसला, गाजर! बोट लावलं की कडेची ओल नेमकी कुठे संपते ते कळत होतं, चपातीचा पदर सुटावा इतकी स्पष्ट कड. दोन तासांत चार लिटर पाणी आणि ते सगळं त्या गाजरात. झाडाची बाकीची मुळं कोरडीच.

म्हणून आता प्रत्येक झाडाला नळीचं कडं आहे आणि कड्यावर चार ड्रिपर. कडं बुंध्यापासून दोन फुटांवर, फांद्यांचा घेर वाढेल तसं ते मोठं करायचं. आमच्या लिंबांना पूर्वी आळं करायचे तेही दुहेरी असे, आतल्या कोरड्या कड्यात खोड आणि बाहेरच्यात पाणी, खोडाला ओल लागून ते कुजू नये म्हणून. गोलाचं हे शहाणपण आधीपासून होतंच. आईची मात्र सवय बुंध्यावर तांब्या उपडा करायची, ती कुठल्याही भूमितीने जात नाही.

पाण्याच्या मापात मला सगळ्यांत आवडतं ते हे, की एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे बरोबर एक लिटर. पावसाचे आकडे त्या दिवसापासून मला बादल्यांत ऐकू येतात. झाडाच्या घेराखालून दिवसाला पाच मिलिमीटर पाणी उडतं असं नुसतं धरलं, तर एक मीटर व्यासाच्या घेराला चार लिटर. व्यास दोन मीटर झाला की किती? आई म्हणाली आठ. मीही आधी तेच म्हणाले असते. पण ते सोळा. तीन मीटरला पस्तीस. झाड रुंदीने वाढतं आणि तहान क्षेत्रफळाने. पहिल्या वर्षीची टाकी तिसऱ्या वर्षी का पुरत नाही, हे विचारत गावातले निम्मे लोक दुकानदाराशी भांडत असतात.

उन्हाचं थोडक्यात सांगते. दक्षिणेला शेजाऱ्यांचं दुमजली घर आहे, वीस फूट उंच. मे महिन्यात मी पाहिलं तेव्हा दुपारी त्या भिंतीची सावलीच नव्हती. आपल्याकडे मेच्या दुसऱ्या आठवड्यात आणि जुलैच्या अखेरीस सूर्य दुपारी नेमका डोक्यावर येतो, शून्य सावलीचे दिवस म्हणतात ते. म्हणून मी खुशाल तिथे टोमॅटोचे वाफे काढले. डिसेंबरात सूर्य दुपारीही ४८ अंशांवरच राहतो, आणि वीस फुटांची भिंत अठरा फूट सावली टाकते. माझे टोमॅटो अठरा फुटांच्या आत होते. उंच झाले, पण ते उजेड शोधत झालेलं उंच, फळ नाही. आता तिथे अळू आणि हळद आहे आणि टोमॅटो उत्तरेला गेलेत.

सध्याचा नकाशा मी छापलेला नाही. आधीच्याच कागदावर लाल पेनाने दोन्ही कर्ण, साडेतीन फुटांचा उतार, पाच वाकड्या रेषा आणि डिसेंबरच्या सावलीची कड काढलीय. मूळ हिरवे गोल खालून दिसतात. जुन्या ऑफिसातली मैत्रीण आली होती, ती म्हणाली, हे असं साइटवरून आलं असतं तर तू परत पाठवलं असतंस. हो, पाठवलं असतं.

ईशान्येच्या त्या पाचरीत, जिथे कुठल्याच जाळीचा बिंदू पडला नव्हता, गेल्या पावसाळ्यात एक सीताफळ आपोआप उगवलं. आई ओट्यावर बसून खाते आणि बिया लांब फेकते, त्यातलंच एक. यंदा ते माझ्या गुडघ्याएवढं झालं. मी टेप घेऊन गेले. गेटच्या खांबापासून ११ फूट ४ इंच, उत्तर कुंपणाच्या मधल्या खांबापासून २६ फूट. घरी येऊन दोन कंस मारले, छेदले तिथे टिंब दिलं. आई मागे उभी राहून बघत होती.

"नंबर देणार का त्याला?"

दिला. पंचवीस. शेवटच्या नळीपासून ते नऊ फुटांवर आहे, आणि तेवढी नळी आणायला सासवडला जायचं अजून झालेलं नाही. तोवर सकाळ-संध्याकाळ आई तांब्या घेऊन जाते आणि बुंध्यावरच उपडा करते.